कसबा पेठ आणि चाकाची कुरकुर

पुण्याच्या पेठांमध्ये कसबा पेठ ही वयाने सर्वांत थोरली. ग्रामदैवत कसबा गणपती येथेच आहे आणि विसर्जन मिरवणुकीतील पहिला मानही त्याचाच. बाहेरगावचे पाहुणे गणपतीचे दर्शन घेतात, लाल महाल पाहतात आणि शनिवारवाड्याकडे वळतात. पेठेचा खरा पोत मात्र तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा अशा तिच्या आळ्यांमध्ये आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मेट्रोचा हा टप्पा सुरू झाल्यापासून स्वारगेटहून येथे येणे फार सोयीचे झाले आहे. कसबा पेठ स्थानकावर उतरावे आणि पुढे पायीच फिरावे. या बोळांतून चारचाकी नेणे म्हणजे स्वतःबरोबर दहा जणांना अडकवणे.

तांबट आळीत शिरण्याआधीच ती ऐकू येते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके एकमेकांना लागून पडत जातात आणि पृष्ठभागावर चकाकणाऱ्या टिकल्यांची नक्षी उमटते. यालाच मठारकाम म्हणतात. पुष्कळांना ते केवळ शोभेचे वाटते, परंतु ठोक्यांनी तांबे घट्ट व कणखर होते, हा त्याचा मूळ उपयोग. बंब आणि घंगाळे घरांतून गेली, तशी या ठोक्यांची संख्याही रोडावली.

कुंभारवाड्यात मडके घेताना जाणते गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून पाहते. तडा असेल तर आवाज बद्द येतो. आपल्या व्यापारी घरांना ही परीक्षा नवी नाही. १९४० पूर्वीच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, आणि गल्ल्यावर बसलेले आजोबा तो दगडावर वाजवूनच पेटीत टाकीत. ‘खणखणीत नाणे’ हा वाक्प्रचार त्याच सवयीतून आला. आम्ही बँकेतले लोक नोटा मोजण्यात वाकबगार. कानाची ही विद्या आमच्या वाट्याला फारशी आली नाही.

गेल्या कार्तिकात याच विद्येने माझ्या पुतण्याच्या मोटारसायकलचे निदान झाले. त्याचे किराणा दुकान पेठेतच आहे. मार्केटयार्डातून डाळीची पोती याच गाडीवर येत आणि सकाळी शाळेत जाणारी त्याची मुलगीही मागे बसे. मागच्या चाकातून कुरकुर येऊ लागली. एका गॅरेजमध्ये चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि बेअरिंग बदलण्याचा साडेतीन हजारांचा अंदाज मिळाला. खर्चाची ना नव्हती. पण दोष नेमका कोठे आहे हे कोणी सांगेना. तेव्हा आम्ही कुंभारवाड्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सायकली दुरुस्त करता करता ते मोटारसायकलींकडे वळलेले.

त्यांनी पाना हातात घेण्याआधी गाडी मोठ्या स्टँडवर लावली आणि चाक हाताने फिरवले. आवाज नाही. ब्रेक हलकेच दाबून पुन्हा फिरवले, तरी नाही. म्हणजे ब्रेक शू निर्दोष. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवले, खेळ लागला नाही, बेअरिंगही ठीक. मग गाडी स्टँडवरून उतरवून सीट जोराने खाली दाबली. शॉकअपचे रबर किंवा स्विंग आर्मचे बुश कोरडे असते, तर येथे कुरकुर उमटली असती.

“काका, तुम्ही बसा गाडीवर,” ते मला म्हणाले. मी बसलो आणि पुतण्याने इंजिन बंद ठेवून गाडी ढकलली. आता ‘कर्र’ आले, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच. मिस्त्रींनी टायरवर त्या जागी खडूची खूण केली. पुढच्या फेऱ्यालाही आवाज त्याच खुणेवर आला.

“हा हिशोब चाकाचा आहे, चेनचा नाही,” ते म्हणाले. चेनचा फेरा आणि चाकाचा फेरा जुळत नाही. चेन दोषी असती, तर आवाज दर वेळी वेगळ्या जागी आला असता. व्याजाच्या तारखांचा मेळ घालण्यात आयुष्य गेलेल्या मला हा युक्तिवाद तत्काळ पटला.

पाठोपाठ त्यांनी लहान पान्याने एकेक आरा वाजवला. छत्तीस आऱ्यांपैकी बहुतेक ‘टिण्ण’ बोलले. खुणेजवळचे तीन बद्द. त्यांतील एक हबजवळच्या वाकावर चिरलेला निघाला. वजन पडले की चाकाच्या तळाशी आलेल्या आऱ्यांचा ताण कमी होतो. मुळात ढिले असलेले आरे तेथे निपलमध्ये सरकतात, एकमेकांवर घासतात आणि कुरकुरतात. स्टँडवर वजनच नसते, म्हणून तेथे ते गप्प. असे आरे तसेच राहिले, तर त्यांचा भार शेजाऱ्यांवर जातो, मग तेही तुटू लागतात आणि भरल्या गाडीचे चाक रस्त्यात वाकडे होते. मुलीचा विचार मनात येऊन पुतण्याचा चेहरा उतरला. ईर्यासमिती आपण पायी चालताना आठवतो. चाकावर चालतानाही ती लागू आहेच.

मिस्त्रींनी टायर काढून तिन्ही आरे बदलले. निपल एका दमात आवळले नाहीत. पाव-पाव फेरा, आधी या बाजूचे, मग त्या बाजूचे. रिमजवळ खडू धरून चाक फिरवत त्यांनी आऊट काढली. निपलबाहेर आलेली आऱ्यांची टोके कानशीने घासली, नाहीतर ट्यूब पंक्चर होते. चाक बसवल्यावर चेनचा ढिलेपणा आणि ब्रेक पुन्हा जुळवला. एकूण तीनशे ऐंशी रुपये झाले. अलॉय चाकाला आरेच नसतात. तेथे ही परीक्षा उपयोगाची नाही, बाकीच्या पायऱ्या मात्र त्याच.

नवे आरे बसतात आणि थोडे सैलावतात, म्हणून पंधरा दिवसांनी त्यांनी गाडी पुन्हा बोलावली व दोन निपल पाव फेरा आवळले. पुतण्या आता पोती टेम्पोने आणतो, आणि दर रविवारी दुकान उघडण्यापूर्वी त्याची मुलगी पान्याने छत्तीस आरे वाजवून मोजते.