कामोठ्याचा भुईचाफा

मुंबईहून लोकलने पनवेलकडे जाताना खारघर मागे पडले की मानसरोवर नावाचे स्थानक लागते. नाव ऐकून नवख्या प्रवाशाच्या मनात कैलास व राजहंस उभे राहावेत. परंतु खाली उतरून पाहावे तो समोर रिक्षांची रांग, उंच इमारतींचे ठोकळे आणि अंगाला चिकटणारा खाडीचा खारा वारा. हेच आमचे कामोठे. 1970 साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचे ठरले, आणि त्या गावांत कामोठेही आले. जेथे भातखाचरे व खाजणे होती तेथे मुरुमाचा भराव पडून सेक्टर उभे राहिले. 2016 पासून हा सर्व भाग पनवेल महानगरपालिकेत आहे. येथील बहुतेक बिऱ्हाडे आमच्यासारखीच बाहेरून येऊन रुजलेली.

अशा वस्तीत बाग म्हणजे सज्जातील दहाबारा कुंड्या, किंवा नशिबाने तळमजला लाभला तर दारापुढील हातभर वाफा. असा वाफा आमच्या वाट्यास आला आहे. त्यात काय लावावे ह्याचा खल चालला असता आमच्या कन्येने एक सूचना केली. ती अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात राहते. तिच्या अंगणात पिओनी नावाचे फूल आहे. तिने त्याची छायाचित्रे दाखविली तेव्हा आम्ही थक्क झालो. कमळाएवढे मोठे, गुलाबासारखे दाट पाकळ्यांचे, फिकट गुलाबी! ती म्हणाली, “बाबा, पुढच्या खेपेस ह्याची मुळी घेऊन येते. एकच फूल तुमच्या दारी आणि माझ्या दारी असू दे.”

लेकीची ही इच्छा कोणास मोडवेल? तथापि परक्या वनस्पतीस घरी बोलावण्यापूर्वी तिचे कुलशील विचारणे उचित, म्हणून आम्ही त्या फुलाची माहिती जमविली.

पिओनी हे नाव ग्रीकांच्या देववैद्याचे, म्हणजे जणू त्यांच्या धन्वंतरीचे. तिची एक जात आपल्या हिमालयातही काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत वाढते. तिच्या शास्त्रीय नावात ‘इमोडी’ असा शब्द आहे. तो हिमालयाच्या ग्रीक नावावरून आला, आणि ते नाव आपल्या ‘हैमवत’ शब्दाचाच अपभ्रंश होय, असे पंडित मानतात. चीनमध्ये तर तिच्या झुडूपवजा बहिणीस फुलांचा राजा म्हणतात. तिकडची आख्यायिका अशी की, वू नामक सम्राज्ञीने भर हिवाळ्यात उद्यानातील सर्व फुलांस फुलण्याची आज्ञा केली. सर्वांनी ती मानली. एकटी पिओनी मात्र फुलली नाही, म्हणून तिला लोयांग नगरीस हद्दपार करण्यात आले.

ह्या कथेत वनस्पतिशास्त्राचे मर्म आहे. पिओनीस हिवाळा झोपेसाठी हवा असतो. तिच्या मुळ्यांस सुमारे 4 अंशांखालील थंडी शेकडो तास मिळाली, तरच वसंतात कळी धरते. मुळी आश्विनाच्या सुमारास लावावयाची, तिचे डोळे दोन इंचांहून खोल पुरावयाचे नाहीत, आणि मग दोनतीन वर्षे धीर धरावयाचा. एकदा रुजली की पन्नास वर्षेही ती जागा सोडीत नाही. पण कामोठ्यास ती थंडी कोठून आणावी? सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेला नीचांक 7.4 अंश, तोही 22 जानेवारी 1962 रोजी, एका रात्रीपुरता. शीतकपाटात मुळ्या ठेवून थंडी पुरविता येईल. परंतु पुढे वैशाखातील उष्ण रात्री आणि आषाढातील तुंबलेले पाणी ह्यांतून तिला कोण वाचविणार? शिवाय परदेशी रोपे, कंद सामानातून परस्पर आणण्यास 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाने मनाई आहे. त्यास परवाना व तपासणी लागते, कारण मुळीबरोबर तिकडची कीडही येऊ शकते. ज्यांची मुले परदेशी आहेत त्या वाचकांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे.

मग आम्ही भुईचाफा लावला. संस्कृतात ह्यास भूमिचंपक म्हणतात. नावात चाफा असला तरी हा हळदीच्या कुळातला. माघात त्याचे निजलेले कंद मिळाले. वाफ्यातील मुरूम हातभर खणून काढला, माती, शेणखत व वाळू भरली, आणि कंद दोन बोटे खोल पुरले. पाणी बेताचेच दिले. वैशाखात एके सकाळी पान नाही, दांडा नाही, अशा उघड्या मातीतून पांढरी-जांभळी सुगंधी फुले वर आली. फूल एका दिवसाचे. पण मागून दुसरे तयार असते. पावसाबरोबर पाने येतात, वरून चित्रविचित्र, खालून जांभळी. थंडीत ती वाळली की पाणी तोडावे. नाहीतर कंद कुजतो.

त्याच सुमारास न्यू जर्सीत पिओनी उमलल्याचा निरोप आला. तेव्हा एक गोष्ट मनात स्पष्ट झाली. झोप दोन्ही कंदांस लागते. एकास बर्फाखालची, दुसऱ्यास कोरड्या मातीतली. ऋतू निराळे, पण जागे होण्याचा महिना जवळजवळ एकच. लेकीस हे कळविले तेव्हा क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, मग एकच फूल नको. तुमचे तुमच्याकडे, माझे माझ्याकडे.” ह्या बोलण्याने आमचे डोळे पाणावले, हे सांगण्यास संकोच वाटत नाही. मूल दूर गेले म्हणजे त्याच्या घरी आपल्याच घराची प्रतिकृती असावी असा हट्ट आपण मनोमन धरतो, आणि मुलेही तिकडचे काही आपल्या दारी रोवू पाहतात. त्यामागील माया खरी. पण माती बदलली की फूलही बदलावे लागते.

ह्या वर्षी आमच्या कंदास तीन नवे कंद फुटले आहेत. शेजाऱ्यांनी दोन मागून ठेवले आहेत. तिसऱ्याची वाटणी अद्याप व्हावयाची आहे.