पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी

नवरात्रात सुरतेत शांतता मागणे म्हणजे तापीस उलटे वाहावयास सांगण्यासारखे आहे. जुन्या गाण्यास नवा ठेका जोडून ते मंडपात वाजविण्याची चाल येथे इतकी रुळली आहे की, मूळ गाणे कोणाचे अशी पृच्छा करणारा आमच्यासारखा वकील विरळाच. त्या दिवसांत भाच्याने आम्हांस एक इंग्रजी गाणे दोन रूपांत ऐकविले. नाव ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. ही आशा म्हणजे आपल्या आशा भोसले, हे कळताच आम्ही खुर्ची पुढे ओढली.

इंग्लंडातील ‘कॉर्नरशॉप’ या वाद्यवृंदाचे, तजिंदर सिंग यांनी रचिलेले हे 1997 सालचे गाणे. मिनिटास 45 फेरे घेणारी ती चिमुकली तबकडी आणि तीतून घराघरांत शिरलेले आपले पार्श्वगायक यांचे त्यात कौतुक आहे. लताबाई व रफीसाहेबही आहेत. प्रथम ते तेथील विक्रीच्या यादीत 60 व्या क्रमांकावर अडकले. मग नॉर्मन कुक यांनी त्याची गती वाढविली, स्वर चढविला, ठेका ठसठशीत केला आणि 1998 च्या फेब्रुवारीत तेच गाणे पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. आम्हांस मात्र संथ मूळच अधिक रुचले. (भाच्याच्या मते हा वयाचा दोष!)

आमच्या कायद्याचा या प्रकारावर डोळा आहेच. 1957 च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात 2012 साली जी सुधारणा झाली, तीनुसार दुसऱ्याचे गाणे कायद्याच्या परवान्याने नव्याने ध्वनिमुद्रित करावयाचे तर पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांस वा चालीस हात लावता येत नाही. गाण्याचे नाव, कर्ता, वारस यांची अशी काळजी कायदा घेतो. माणसांच्या बाबतीत तो आणि आपण इतके दक्ष होतो काय?

दीनानाथांचा जन्म 1900 सालचा, मंगेशीचा. वडील गणेशभट अभिषेकी श्रीमंगेशाचे पुजारी. आई येसूबाई देवळाची सेवा करणाऱ्या कलावंत समाजातील. जिच्या गळ्यावाचून उत्सवाला रंग चढत नसे, तिच्या मुलाला बापाचे आडनाव मिळण्याची रीत नव्हती. दीनानाथांनी गावाचे नाव घेतले, आणि तेच ‘मंगेशकर’ पुढे लेकीच्या नावासह त्या इंग्रजी गाण्यात जाऊन बसले. देवळाशी नाते सांगणाऱ्या आम्हां मंडळींना त्या नावाचा अभिमान आहे. ते का घ्यावे लागले, हे मात्र आमच्या बैठकींत सहसा निघत नाही.

आजोळही सांगितले पाहिजे, कारण ते आमच्या नदीकाठचे. लताबाई-आशाबाईंच्या मातोश्री खानदेशातील थाळनेरच्या गुजराती घरातील. आजीकडून लताबाई पावागडचे गरबे शिकल्या. थाळनेरही तापीवरच वसले आहे.

माघातील जत्रेस यंदा मंगेशीस जाण्याचे ठरले आहे. अभिषेकाची पावती फाडताना नाव विचारतील, तेव्हा आम्ही ‘येसूबाई’ असे सांगणार आहोत. गोत्र विचारल्यास काय सांगावे, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.