कालव्याचे दुसरे टोक

सुरत

चि. मीना,

तू पाठवलेले कॉर्नेलिस स्प्रिंगरचे चित्र भिंतीवर लावले आहे. डेल्फ्टच्या कालव्यावरून दिसणारे हेग. चित्र 1852 चे, पण त्यातले शहर सतराव्या शतकातले. स्वतःच्या जन्माआधीचे गाव त्याने इतक्या मायेने रंगवले, की हेवा वाटतो.

तो जन्मला अ‍ॅमस्टरडॅममध्ये. त्याच्या काळात तिथल्या कालव्यांना दुर्गंधी येई, काही तर बुजवलेही गेले. मागच्या वैभवाकडे वळावेसे त्याला वाटले, ते मी समजू शकते. पण मीना, त्या वैभवाचे एक टोक इथे, आपल्या तापीकाठी होते. अ‍ॅमस्टरडॅमचे मोठे कालवे खणायला 1613 मध्ये सुरुवात झाली आणि त्यानंतर तीन-चार वर्षांतच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुकच्या खटपटीने डचांचा सुरतेत जम बसू लागला. (फ्रान्स हाल्सने त्याचे चित्र काढले आहे, ते लंडनला केनवुड हाऊसमध्ये आहे.) मोठी जहाजे जवळच्या सुवाळीला थांबत. इथून कापड आणि नीळ जाई, पूर्वेच्या बेटांवरून लवंग, जायफळ येई. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हाही डचांची वखार बचावली.

आता उरले आहे ते कतारगाम दरवाजाजवळचे डचांचे कबरस्तान. हेंड्रिक व्हान रेडेची दुमजली, घुमटाची कबर तिथे आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा हा माणूस 1691 च्या डिसेंबरात सुरतेकडे येताना जहाजावरच वारला. त्या ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोंकणी वैद्यांनी मदत केली होती आणि त्यांची नागरी अक्षरे अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापली गेली, हे मला त्या घुमटापेक्षाही मोठे वाटते.

1824 च्या तहाने डचांनी सुरत सोडली. 1837 मध्ये आग लागली, त्याच वर्षी पूरही आला. लाकडी घरांचे मोहल्लेच्या मोहल्ले गेले. स्प्रिंगर हेगच्या विटा रंगवत होता तेव्हा सुरत त्यातून सावरत होती. जुन्या सुरतेची चित्रे आहेत, पण मी पाहिली ती प्रवासवर्णनांतली: किल्ला, नदी, शिडे, सगळे दुरून. कापड विणणाऱ्याचा ओटा, नीळ तोलणाऱ्याचा हात त्यांत सापडत नाही. आज खानदेशातून आलेली आपली माणसे लिंबायत-उधन्यात राहून याच शहराचे कापड विणतात. त्यांच्या गल्ल्याही कुणी त्या मायेने रंगवलेल्या मी पाहिल्या नाहीत.

तू चित्रकला शिकते आहेस. स्प्रिंगरकडून भिंतीवर ऊन कसे टाकायचे ते शिकून घे. दिवाळीला आलीस की आधी मक्काईपुलाजवळ नदीकाठी बसू, मग लिंबायतला जाऊ. रंग इथे मिळतील, कागद मात्र तुझा तूच आण.

तुझी,
आत्या