रिमोटचं बटण आणि ट्रॅक्टरची खिट्टी

आज उसाचं नाही, विमानाचं लिहितोय. पुतण्या कऱ्हाडला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं थर्माकोलच्या शीटचं रिमोटवरचं विमान बनवलं. सोयाबीन काढलेलं रान मोकळं होतं, तिथं सकाळी वारं पडलेलं असताना उडवायचा. मी उसाला पाणी लावून बांधावर बघत बसायचो.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली. विमान डावीकडं कललं की नाक मात्र आधी उजवीकडं जायचं, मग शेपूट ओढत वळायचं. म्हटलं, "आरं, हे आडमुठ्या बैलागत का करतंय?"

त्यानं हातात घेऊन दाखवलं. पंखाच्या मागच्या कडेला हलती फळी असते, ती एलेरॉन. डावीकडं कलवायचं तर उजवी फळी खाली जाते. तो पंख उचलतो, पण उचलताना हवा त्याला जास्त अडवते, म्हणून नाक उजवीकडं खेचलं जातं. त्याच वेळी शेपटीचा रडर डावीकडं द्यावा लागतो. दोन अंगठ्यांचं काम, नवशिक्याला जमत नाही. म्हणून रिमोटमध्ये मिक्सिंग लावतात. एलेरॉन हलवला की रडर आपोआप काही टक्के हलतो. 20 वर नाक भरकटायचं, 40 वर आत घुसायचं. 30 वर सरळ राहिलं.

मला हे लगेच कळलं ते ट्रॅक्टरमुळं. बांधाला वळताना स्टेअरिंगबरोबर आतल्या चाकाचा ब्रेक दाबतो, त्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिट्टीनं जोडायची. एका गळीत हंगामात मी भरलेली ट्रॉली रानातनं काढली आणि खिट्टी टाकायची राहिली. उतारावर एकच पेडल दाबलं, ट्रॅक्टर आडवा झाला. मडगार्डवर थोरला भाऊ बसलेला. दादाचा पाय अजून लंगडतो. चूक माझी. तो आजवर एका शब्दानं बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागतं.

परवा दुपारी पोरानं विमान उडवलं आणि उतरवताना आडवं वारं सुटलं. अशा वेळी वाऱ्याकडचा पंख जरा खाली धरायचा आणि रडर उलट्या बाजूला द्यायचा, म्हणजे नाक सरळ राहतं. इथं दोघांचं तोंड दोन दिशेला. मिक्सिंग चालू असेल तर रडर वाऱ्याकडंच पळतो. ते बंद करायचं बटण रिमोटवर आहे, पण पोरगं दाबायचं विसरलं. पंख बांधाला लागून मोडला, मोटर उखडली. त्याच्या चार महिन्यांच्या खर्चातनं वाचवलेले पैसे होते ते.

पंख चिकटवताना पोरगं सांगत होतं, "तात्या, राइट बंधूंनी पण 1902 च्या ग्लायडरला रडर पंखांच्या तारांना बांधला होता. 1905 च्या विमानात परत सुटा केला." दादा पंख धरून बसला होता. त्यानं विचारलं, "तुझं त्ये बटण कुठलं रं?" पोरानं दाखवलं. दादानं त्यावर लाल चिकटपट्टी लावली.

आता विमान उतरायला लागलं की दादा बांधावरनं ओरडतो, "खिट्टी!" पोरगं बटण दाबतं. मी पाण्याच्या दाऱ्याकडं बघत राहतो.

हरभरा पेरेपर्यंत रान मोकळं आहे.