दीडशे रुपयांची सावली

तर झालं असं, की मार्चमध्ये एका मित्राकडून सेकंडहँड कॅनन घेतला. कॅमेऱ्यासोबत नेहमीची १८-५५ची लेन्स आली, पट्टा आला, चार्जर आला. हूड काही आला नाही. मित्राला विचारलं तर म्हणे, "मलेच कंपनीनं नव्हता देल्ला, तुले कुठून देऊ?" खरंच होतं त्याचं. महागड्या, लाल पट्टीवाल्या लेन्ससोबत कॅनन हूड देते. आमच्यासारख्यांच्या लेन्सला तो वेगळा विकत घ्यायचा.

पहिल्याच रविवारी बाबांना घेऊन फुटाळ्यावर गेलो. सूर्य मावळायला तासभर असेल, ऊन बाजूनं तिरपं येत होतं. बाबा तलावाच्या काठावर बसले आणि सवयीप्रमाणे त्यांनी कपाळाला हात लावला. मी नवा फोटोग्राफर! "बाबा, हात खाली घ्या, चेहऱ्यावर सावली पडते." त्यांनी निमूटपणे घेतला. डोळे बारीक करून बसले. चाळीसेक फोटो काढले असतील.

घरी येऊन कम्प्युटरवर पाहतो तर सगळ्यांवर पातळ ताक ओतल्यासारखं. बाबांचे केस, शर्ट, मागचं पाणी, सारं एकाच फिक्या रंगाचं. काळं म्हणून काही उरलंच नव्हतं.

कारण साधं आहे. माझ्या लेन्समध्ये ११ काचा आहेत. बाजूनं येणाऱ्या उन्हाचं फोटोत काही काम नसतं, पण ते पुढच्या काचेवर पडलं की आत शिरतं आणि या काचेवरून त्या काचेवर आपटत हिंडतं. शेवटी ते सगळ्या फोटोभर पसरतं. काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे आपटणं कमी करायची युक्ती झाइस कंपनीच्या स्माकुलांनी १९३५ साली काढली. आता स्वस्तातल्या लेन्सलाही तसा थर असतो. पण लेन्सवर ऊनच पडू दिलं नाही तर सगळ्यात बरं. दुपारी बारा वाजता डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय स्कूटी न काढणाऱ्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून बर्डीवर गेलो. कंपनीच्या हूडची किंमत ऐकून गप्प बसलो. प्लॅस्टिकच्या एका गोल कड्याला एवढे पैसे? मग दुकानदारानं फुलाच्या पाकळ्यांसारखा कापलेला एक हूड काढला. अडीचशे रुपये. "घ्या ना भाऊ, सगळे हाच घेऊन राहिले." दिसायला एकदम झकास! लेन्सवर चढवला तर आपण लग्नाचे फोटोग्राफर वाटतो. घेतला.

घरी आल्यावर कळलं की अस्मादिकांना गंडवलं गेलंय, आणि त्यात निम्मा हात आपलाच. पाकळ्यांचा तो आकार शोभेसाठी नसतो. फोटो आडवा चौकोनी असतो. म्हणून वरखालच्या पाकळ्या लांब, बाजूच्या आखूड, आणि कोपऱ्यांवर खाच. ती खाच कोपऱ्यावरच राहिली पाहिजे. माझ्या लेन्सचं पुढचं तोंड फोकस करताना गरगर फिरतं. आट्यांवर बसवलेला हूडही त्यासोबत फिरणार. लांब पाकळी फिरून कोपऱ्यात आली की तो कोपरा काळा. आणि कंपनीचा हूड साधा गोल का, तेही तेव्हाच डोक्यात शिरलं.

परत गेलो तर "वापस नाही होत" हे ठरलेलं उत्तर. शेवटी बदलून रबरी हूड मिळाला. दीडशेचा. वरच्या शंभरात एक काच पुसायचं फडकं गळ्यात पडलं. असो. पण हा रबरी प्रकार मला मनापासून आवडला. ५८ मिलिमीटरच्या आट्या, गोल, घडी होणारा. १८वर मोठा देखावा घ्यायचा तर मागे दुमडायचा, नाहीतर चारी कोपरे काळे होतात. ५५वर कुणाचा चेहरा घ्यायचा तर पूर्ण उघडायचा. कंपनीचा हूड १८लाही चालावा म्हणून आखूडच ठेवतात, तो ५५वर फारसा कामाचा नसतो. बॅगेत कोंबला तरी रबर तुटत नाही. दिसतो मात्र नळाच्या वॉशरसारखा, हे कबूल.

संध्याकाळी गॅलरीतून एकाच जागेवरून दोन फोटो काढले, एक हूड न लावता, एक लावून. मोठ्या ऐटीत बाबांना दाखवले. फरक स्पष्ट होता. बाबांनी चष्मा वर सरकवला, पहिल्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मले तं हे असंच दिसते."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? रोज. समोरून गाडीचा लाईट आला का सगळं पांढरं होऊन जाते. झालं असंन वरीसभर."

वर्षभर! संध्याकाळी स्कूटर काढणं त्यांनी बंद केलं होतं, त्याला ते गुडघे कारण सांगायचे. आणि आम्ही मानत होतो. फुटाळ्यावर कपाळाला लावलेला तो हात मी फोटोसाठी खाली घ्यायला लावला होता.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातलं भिंगच गढूळ होतं आणि आलेला उजेड आतल्या आत विखुरतो. आमच्या फोटोसारखंच. फक्त इथे गढूळपणा काचेतच असल्यामुळे वर कितीही सावली धरली तरी थोडंच भागतं. भिंग बदलावंच लागतं. बाबांनी आधी "पिकू दे ना मंग" म्हणून पाहिलं. आता पिकायची वाट पाहत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी समजावलं. मग "उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करत नाहीत" म्हणून पाहिलं. त्यालाही आता काही अर्थ उरलेला नाही, पण तेवढं आम्ही ऐकलं. उजवा डोळा जुलैत झाला.

पट्टी निघाल्यावर ते पहिल्यांदा माझ्या शर्टाकडे बघत राहिले. म्हणाले, "हा निळा आहे का? मी समजत होतो का मळला म्हणून."

परवा पुन्हा फुटाळ्यावर गेलो होतो. बाबांनी काळा चष्मा लावला होता, मी हूड लावला होता. ते हात मांडीवर ठेवून आरामात बसले. फोटो चांगले आलेत. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी ते रबर दाबून पाहिलं, उघडमीट केली.

"कितीले घेतला?"

"दीडशे." फडक्याचं नाही सांगितलं.

"लुटलं बाप्पा तुले," म्हणाले, आणि चणेवाल्याकडे निघाले. डावा डोळा दिवाळीनंतर करायचाय.