आजीच्या हातची सुशी

मुलांनो, ‘सुशी’ म्हटलं की तुमच्यापैकी निम्मे जण ‘ईऽऽ, कच्चा मासा!’ म्हणून नाक मुरडतील. आता पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत सुशी मिळते, तेव्हा काहींनी ती चाखलीही असेल. पण एक गंमत सांगू? सुशी म्हणजे मासा नव्हेच. सुशी म्हणजे भात! व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून आंबटगोड केलेला भात. ‘आंबट’ या अर्थाच्या एका जुन्या जपानी शब्दावरूनच हे नाव आले आहे. भाताबरोबर मासा असला तरी ती सुशी आणि काकडी असली तरीही सुशीच. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप खाल्ले, तर त्याला म्हणतात ‘साशिमी’.

हा फरक आमच्या घरी एकदा फार उपयोगी पडला.

आम्ही काही वर्षे टोकियोत राहत होतो, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कसाई भागात. तिथे भारतीय कुटुंबे पुष्कळ. पण आमचे शेजारी मात्र जपानी होते. शेजारच्या बाईंना आमची मुले ‘ओबासान’ म्हणायची, म्हणजे काकू. जपानी घरांत रोज उठून सुशी करतात असे समजू नका हं! रोजचे जेवण म्हणजे साधा भात, मिसोचे सूप, एखादी भाजी, मासा. सुशीचा बेत असतो वाढदिवसाला किंवा पाहुणे आले की. त्यातही मुलांची लाडकी ती ‘तेमाकी’. ‘ते’ म्हणजे हात आणि ‘माकी’ म्हणजे गुंडाळलेले. टेबलाच्या मधोमध भात, भोवती ताटल्यांमध्ये दहा प्रकारचे काप. समुद्री शेवाळाचा कागदासारखा तुकडा घ्यायचा (त्याला ‘नोरी’ म्हणतात), त्यावर थोडा भात पसरायचा, आवडेल ते ठेवायचे आणि आपल्या भेळेच्या पुडीसारखा कोन करून लगेच खायचा. लगेच म्हणजे लगेच! नाहीतर नोरी सादळते आणि तिचा कुरकुरीतपणा जातो.

लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला तिने मागितली तेमाकीच. पण तिची एक अट होती. ‘‘आजीनंपण टेबलावर आमच्याबरोबर बसायचं.’’

ही अट अवघड होती. आजी साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. गळ्यात तुळशीची माळ. मासा सोडाच, अंडेही चालत नाही. आल्यापासून आमचा असा काही बेत असला की ती म्हणायची, ‘‘तुम्ही खावा बाळांनो, मी माझं आधी उरकते.’’ आणि स्वयंपाकघरात एकटीच जेवायची. आम्हा मोठ्यांना त्याची सवय झाली होती. लेकीला झाली नव्हती.

मी ओबासानना विचारले, ‘‘नुसत्या भाज्यांची तेमाकी होईल का?’’ मला वाटले, त्यात काय, मासा काढला की झाले! पण त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी मला खरी अडचण समजावून सांगितली. जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ नावाचे पाणी लागते. भाज्या त्यात शिजवतात. आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा कीस उकळून करतात. म्हणजे ताटात मासा दिसत नाही, पण भाजीत उतरलेला असतो! शिवाय चवीला ‘मिरीन’ घालतात. त्यात मद्य असते.

‘‘दाशी मी कोंबूची करीन,’’ त्या म्हणाल्या. कोंबू हेही समुद्री शेवाळच, जाड पट्ट्यांचे. टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली याच कोंबूतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. कोंबूच्या जोडीला वाळवलेले शिताके मशरूम. मिरीनऐवजी थोडी जास्त साखर. आणि पुढे त्या जे म्हणाल्या, ते मी विसरणार नाही. ‘‘माझ्या भांड्यांत मासे शिजतात. आपण तुमच्या घरी, तुमच्या भांड्यांत करू.’’

त्यांनी फक्त एक भांडे आणले, ‘हांगिरी’. पसरट, लाकडी. आपल्या काठवटीची जपानी बहीणच म्हणा ना! ‘‘यात भाताशिवाय कधी काही पडलेलं नाही,’’ असे त्यांनी आजीला मुद्दाम सांगायला लावले. गरम भात हांगिरीत ओतून त्यावर व्हिनेगरचे मिश्रण शिंपडले. भात ढवळायचा नाही, शिते मोडतात. लाकडी उलथण्याने कापल्यासारखा हलवायचा. आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याने पंख्याने वारा घालायचा, म्हणजे जास्तीची वाफ उडून शितांना चकाकी येते. पंखा ओबासाननी आजीच्या हातात दिला. चूल फुंकण्यात आयुष्य गेलेली बाई ती! असा वारा घातला की ओबासान हसतच सुटल्या.

आमचे धाकटे चिरंजीव मात्र फुरंगटून बसले होते. ‘‘सॅमन नाही, तर तेमाकी कसली?’’

‘‘वाढदिवस माझाय!’’ ताईने एका वाक्यात निकाल दिला.

टेबलावर काकडी, ॲव्होकॅडो, गाजर, शिताके, पिवळा खारवलेला मुळा आणि तपकिरी रंगाच्या मऊ पट्ट्या होत्या. आजीने पहिला कोन गुंडाळला तो या पट्ट्यांचा. सगळ्या मैत्रिणी तिच्याकडे बघत होत्या. तिने सावकाश चावून पाहिले.

‘‘अगं, हा तर दुधी!’’

आणि खरोखरच तो दुधी होता. ‘कान्प्यो’ म्हणतात त्याला. आपल्या दुधीचाच भाऊबंद असलेल्या मोठ्या गोल भोपळ्याच्या लांबच लांब पट्ट्या काढून वाळवतात. जपानमधले बहुतेक सगळे कान्प्यो तोचिगी या एकाच प्रांतात होते. करताना ते मीठ चोळून धुवायचे, मऊ उकडायचे, मग सोया सॉस, साखर आणि दाशीत मुरवायचे. आजीने त्या दिवशी पाच कोन खाल्ले. धाकट्याने सात खाल्ले, पण ‘सॅमन हवा होता’ हे शेवटपर्यंत सोडले नाही.

तुम्हांला घरी करून पाहायचे असेल, तर इंद्रायणी तांदूळ घ्या. तो शिजल्यावर चिकट होतो, बासमती उपयोगाचा नाही. आणि मोठ्यांना एक विनंती. आपल्या बाजारात मिळणारा मासा शिजवून खाण्यासाठी असतो. तो कच्चा घालायचा प्रयोग घरी मुळीच करू नका. काकडी उत्तम!

आजी साताऱ्याला परतली ती कान्प्योची दोन पाकिटे घेऊन. पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-सांडग्यांच्या शेजारी तिने आपल्या दुधीच्या पट्ट्या वाळत घातल्या. आपला दुधी कोवळा, पाणीदार. त्या सुकून अगदी सुतळीसारख्या झाल्या. तिने त्या आमटीत घातल्या आणि फोनवर नातीला सांगितले, ‘‘बऱ्या लागतात. पण तुझ्या त्या काकूला विचार, ती किती जाड कापते?’’