परळच्या चाळीतल्या कोंबड्यांचे दाणापाणी

दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे भाजीचा बाजार भरतो. कोबीचे गड्डे, मुळ्याच्या जुड्या, मेथी, पालक यांचे ढीग रस्त्यावरच उतरतात. विक्रेते कोबीची वरची पाने सोलून बाजूला टाकतात, मुळ्याचा पिवळा पडलेला पाला खुडतात. सहा-साडेसहापर्यंत पायाखाली हिरवा चिखल होतो. तो होण्याआधी तिथे पोहोचायचे, हा माझ्या अम्मीचा गेल्या चाळीस वर्षांचा नियम आहे. फजरची नमाज झाली की कापडी पिशवी घ्यायची आणि परळहून चालत निघायचे. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मेच्या सुट्टीत ही ड्युटी माझ्याकडे येते. मी शाळेत शिकवते, राहते मुंब्र्याला. पण सुट्टी लागली की मुलाला घेऊन अम्मीकडे परळला असते.

ही पिशवी कोंबड्यांसाठी असते. अम्मीच्या तळमजल्यावरच्या खोलीमागे, चाळीची भिंत आणि नळाचा चौथरा यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा आहे. तिथे लाकडी खुराडे आहे आणि त्यात तीन गावरान कोंबड्या.

अम्मीने कोंबड्या हौसेने पाळल्या नव्हत्या. अब्बा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी जेमतेम दोन वर्षांची होते. पगार बंद झाला. दोन महिन्यांनी अम्मीने हातातली एक बांगडी मोडली, किराण्याची उधारी फेडली आणि उरलेल्या पैशांतून क्रॉफर्ड मार्केटमधून चार तलंगा आणल्या. १८६९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या मंडईत फळे आणि मसाल्यांबरोबर जिवंत पाखरेही मिळत. मंडईला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव दिले गेले, पण अम्मीच्या तोंडी अजून ‘कापट मार्केट’च आहे. मुलांच्या तोंडात रोज एक अंडे पडावे, एवढाच हिशेब होता. संप मिटल्याची घोषणा कधी झालीच नाही. अब्बा पुढे गोदीत हमाली करू लागले. कोंबड्या मात्र राहिल्या.

चार कोंबड्यांना विकतचा दाणा परवडत नव्हता. मग चाळच त्यांना पोसू लागली. वरच्या मजल्यावरच्या बायका भाजी निवडली की देठ आणि पाला कागदात गुंडाळून आमच्या उंबऱ्यावर ठेवत. कुणी तांदूळ निवडताना निघालेली कणी देई, कुणी कलिंगडाच्या साली. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मे महिन्यात मिरच्या-धण्यांच्या राशी पडतात, डंकांचा आवाज दिवसभर घुमतो. तिथून अम्मी धणे चाळून राहिलेला चुरा आणि मिरचीचे बी आणायची. लहानपणी मला वाटायचे, बिचाऱ्या कोंबड्यांचे तोंड भाजत असेल. पुढे वाचनात आले की मिरचीचा जो तिखटपणा आपल्याला झोंबतो, तो पाखरांना जाणवतच नाही. रानातल्या मिरचीचे बी पाखरांच्याच पोटातून दूरवर पसरते.

या मोबदल्यात अम्मी काय देई? आजारी माणसाच्या घरी अंडे, बाळंतिणीच्या घरी अंडी. हिशेब कुणी ठेवला नाही.

यंदाच्या मे महिन्यात मात्र एक कोंबडी बसली. मान खाली, पिसे फुगलेली, सारखी पाण्याच्या भांड्याकडे जायची आणि विष्ठा पाण्यासारखी. अम्मी घाबरली. ‘मानमोडी तर नाही?’ मानमोडी म्हणजे राणीखेत. हा रोग आला की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. मी कोंबडीला टोपलीत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेले. जुन्या मुंबईकरांना हेच नाव ठाऊक आहे. खरे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय. त्याच आवारात १८८६ पासून मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुत्री, मांजरे, पंख मोडलेली घार यांच्या रांगेत आम्ही टोपली घेऊन बसलो.

डॉक्टरांनी कोंबडी तपासली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘हिला काय खायला घातलंत?’ मी कोबीचा पाला, कणी, बाजरी असे सांगत गेले. माझा दहा वर्षांचा मुलगा खाली मान घालून उभा होता. शेवटी म्हणाला, ‘चिवडा.’ लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेल्या पुडीतला चुरा तो दोन दिवस मुठीमुठीने खुराड्यात टाकत होता. त्यांना फार आवडतो म्हणे.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले ते असे. कोंबडीच्या एवढ्याशा देहाला मीठ फार थोडे लागते. फरसाण, पापड, लोणचे, खारवलेले सुकट, बिर्याणीची खरवड यांतले मीठ तिच्यासाठी विषासारखे. दोष मुलाचा एकट्याचा नव्हता, आम्हीही त्याला कधी सांगितले नव्हते. स्वच्छ पाणी, साधा दाणा आणि सावली एवढ्यावर ती दोन-तीन दिवसांत सावरेल, असे ते म्हणाले. अल्हम्दुलिल्लाह, सावरली.

शिक्षिकेची सवय, मी वहीत सगळे उतरवून घेतले. ज्यांच्या घरी किंवा गावी कोंबड्या आहेत, त्या भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून इथे देते.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. त्यातला मुख्य भाग धान्य आणि तयार खाद्याचाच हवा. घरातला खाऊ दहाव्या भागाहून जास्त नको, म्हणजे एका कोंबडीमागे जेमतेम चिमूटभर-मूठभर. जास्त दिला तर ती खाऊनेच पोट भरते आणि अंडी कमी होतात. कोबी, मेथी, पालक, मुळ्याचा पाला, दुधी-भोपळ्याच्या बिया, काकडी, कलिंगडाची साल, बिनमिठाचा ताजा भात, उकडलेली डाळ हे चालते. अंड्याच्या कवचात दोनेक ग्रॅम चुना असतो. ते वाळवून, भाजून, बारीक कुटूनच द्यावे. अख्खे टाकले तर कोंबडीला स्वतःचीच अंडी फोडून खाण्याची खोड लागते. तिला दात नाहीत, दाणा दळण्याचे काम तिचा पोटा करतो. त्यासाठी बारीक खडे, जाड रेती खुराड्याजवळ हवी.

देऊ नये ते असे: बटाट्याची हिरवी पडलेली साल आणि कोंब, कच्चा राजमा, चहाचा चोथा, चॉकलेट, खूप कांदा, तळणीचे तेल. आणि सर्वांत वाईट म्हणजे बुरशी आलेले काहीही. पाव असो, भात असो की शेंगदाणे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी धरलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले होते. अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तेव्हाच जगाला कळले. वरची बुरशी काढून टाकली तरी विष आत उतरलेले असते.

घरच्या उरल्यासुरल्याकडे जगात दोन्ही तऱ्हांनी पाहतात. फ्रान्सच्या कोलमार शहरात २०१५ पासून कचरा कमी व्हावा म्हणून घरोघर दोन-दोन कोंबड्या वाटल्या. उलट ब्रिटनमध्ये स्वयंपाकघरातून गेलेले अन्न अंगणातल्या कोंबडीला घालायलाही कायद्याने बंदी आहे, कारण उष्ट्या मांसातून जनावरांचे रोग पसरतात. आपल्याकडे दादी-नानींनी मधला मार्ग काढला होता. अन्न वाया जाऊ द्यायचे नाही, इसराफ करायचा नाही, पण घाणही खाऊ घालायची नाही. माझी दादी उकिरड्यावर फिरणारी कोंबडी जबह करण्याआधी तीन दिवस डालग्याखाली ठेवून तिला फक्त स्वच्छ दाणापाणी द्यायची.

तर त्या दिवशी रुग्णालयातून परतल्यावर मी चाळीच्या व्हरांड्यातच ही यादी मोठ्याने वाचून दाखवली. खाऊ देणारे सगळेच होते, सगळ्यांना कळायला हवे. बुरशीचे वाचले तेव्हा शेजारच्या काकू काही न बोलता उठून आत गेल्या.

मगरिबनंतर त्या आमच्याकडे आल्या. अम्मीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘त्या दोन कोंबड्या मांजराने नव्हत्या नेल्या हो.’

कुठल्या दोन, हे अम्मीला विचारावे लागले नाही. जानेवारी १९९३. शहर पेटले होते. एका रात्री अब्बांनी आम्हाला घेऊन नानीकडे म्हसळ्याला जायचे ठरवले. खोलीची किल्ली काकूंकडे दिली. पाच कोंबड्या मागे राहिल्या. आम्ही तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा तीनच होत्या. ‘मांजराने नेल्या’ असे काकूंनी सांगितले होते. मी तेरा वर्षांची होते, खूप रडले होते.

काकू सांगत होत्या, ‘दुकानं बंद होती. बाजरी मिळेना. घरातला शिळा पाव होता, हिरवा झालेला. म्हटलं, पाखरांना काय कळतंय. पाण्यात भिजवून घातला. दोघी सकाळी आडव्या पडलेल्या. तुमचं सगळंच गेलंय अशा वेळी हे कसं सांगू? मग सांगायचंच राहिलं.’

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘काकू, त्या दिवसांत आमच्या दाराचं कुलूप उघडताना तुम्हाला कुणी काही बोललं नाही?’

‘बोलले ना. दोघं-तिघं बोलले.’

‘आणि तरी तुम्ही रोज उघडलंत?’

‘कोंबड्या उपाशी होत्या.’

अम्मीने उठून चहा ठेवला. त्या विषयावर दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. मी मात्र रात्रभर विचार करत राहिले. तीस वर्षे काकू दोन कोंबड्यांचे ओझे मनावर घेऊन आमच्या उंबऱ्यावर मेथीचे देठ ठेवत होत्या. आणि वाचलेल्या तिघींचे श्रेय आम्ही कधी त्यांना दिलेच नाही.

आता चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. पावसाळ्यानंतर खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. संक्रमण शिबिरात अम्मीला मिळालेली खोली सातव्या मजल्यावर आहे, काकूंना दुसऱ्या इमारतीत. तिथे खुराड्याला जागा नाही, परवानगीही नाही. कोंबड्या म्हसळ्याला मामूंकडे जातील. मोकळे अंगण मिळेल, गांडुळे मिळतील, त्यांचे भलेच होईल. मामूंच्या घरासाठी मी यादी मोठ्या अक्षरांत उर्दूत आणि मराठीत लिहून दिली आहे. ती खुराड्याच्या दारावर चिकटवायची आहे. ‘बुरशी’ या शब्दाखाली माझ्या मुलाने लाल रेघ ओढली, आणि स्वतःहून ‘चिवडा’ हा शब्द जोडला.

सध्या अम्मीला एकच काळजी आहे. तिने मला विचारले, ‘काकू भाजी निवडतील, तेव्हा देठ कुणाच्या दारात ठेवतील?’

मी म्हटले, नव्या जागी गेल्यावर कुंडीत खत करू. अम्मीने मान हलवली, पण तिचे समाधान झाल्यासारखे दिसले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने नेहमीसारखी पिशवी माझ्या हातात दिली. मी दादरला गेले. कोबीची पाने त्या दिवशी चांगली ताजी मिळाली.